नौपाड्यातला तिसरा मजला : गळकं घर घेऊन भाड्यानं देण्याचा हिशोब

ठाणे स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर, नौपाड्यातल्या एका गल्लीत १९८६ सालची तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत आहे. सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा एक बेडरूमचा फ्लॅट, चटई क्षेत्र ३८५ चौरस फूट, काही वर्षं कुलूपबंद. मालक वारलेले, मुलगा पुण्यात, मुलगी नाशिकला. डोंबिवलीतल्या एका नोकरदार जोडप्यानं हा फ्लॅट घेतला, दुरुस्त केला आणि भाड्यानं दिला. माणसं आणि रकमा इथं नमुन्यादाखल धरल्या आहेत. नियम, मोजमापं आणि बिघाडाची कारणं मात्र नौपाडा, चरई, पाचपाखाडी, कोपरी इथल्या अशा कुठल्याही घराला लागू पडतात.

अशा खरेदीत बहुतेकांची नजर घराच्या आत असते: फरशी कुठली, ओटा कसा, रंगाला किती. पण जुन्या इमारतीतल्या फ्लॅटचं दुखणं सहसा उंबरठ्याबाहेर असतं. गच्ची सोसायटीची, बीडाचा (ओतीव लोखंडाचा) सांडपाण्याचा पाइप सोसायटीचा, जमीन कागदोपत्री अजून तिसऱ्याच्याच नावावर. दुरुस्तीला किती पैसा घालायचा हेसुद्धा इमारतीच्या उरलेल्या आयुष्यावर ठरतं. या प्रकरणात दर टप्प्याला तेच आडवं आलं.

फेब्रुवारीत कोरडं, जुलैत ओलं

एजंटनं घर फेब्रुवारीत दाखवलं. हॉलच्या छताला नवाकोरा पीओपी, बेडरूमला ताजा पांढरा रंग, बाकी घर मळकट. बंद घरात फक्त छत नवं असेल तर तिथंच संशय घ्यायचा. जोडप्यानं बोलणी लांबवली आणि जुलैत, चार दिवस सलग पाऊस झाल्यावर, पुन्हा चक्कर मारली. पीओपीच्या कडेला पिवळे डाग आले होते, पंख्याच्या हुकाच्या डबीतून थेंब गळत होता, पश्चिमेच्या भिंतीला कठड्याखाली हातभर ओल होती. ठाण्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या पावसात उभं राहून घर बघण्याइतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

पावसाळ्याबाहेर बघावं लागलं तर लहान हातोडीच्या दांड्यानं छतावर आणि तुळयांवर हलके टिचके मारत जावं. घट्ट काँक्रीट टणक वाजतं, सुटलेलं पोकळ. तुळईच्या खालच्या कडेनं लांबीत सरळ चीर गेली असेल तर आतली सळई गंजून फुगली आहे असं धरून चालावं. भिंतीवर पांढरा खारट थर, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात पोपडे, फरशीलगत रंग सुटलेला, या प्रत्येकाचं पाणी वेगळ्या वाटेनं आलेलं असतं. मग दुसऱ्या मजल्यावर, बरोबर खालच्या घरी जायचं. तिथल्या आजींनी दार उघडताच सांगितलं, "वरचं पाणी आमच्या मोरीत यायचं, घर बंद झाल्यावर थांबलं." या एका वाक्यातून कळलं की गळती पाण्याच्या नळाची नाही आणि पावसाचीही नाही. वापराच्या पाण्याची आहे, म्हणजे वरच्या न्हाणीघराचा नहाणी ट्रॅप (सांडपाणी जाण्याचं तोंड) किंवा सन्कचा, म्हणजे फरशीखाली खोल ठेवलेल्या स्लॅबचा, तळ गेलेला आहे.

सोसायटीच्या कपाटातले कागद

घरापेक्षा जास्त वेळ सोसायटीच्या दप्तरात गेला, आणि तो योग्यच होता. पहिला प्रश्न स्ट्रक्चरल ऑडिटचा. तीस वर्षांवरच्या इमारतीला महाराष्ट्र महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे संरचना स्थिरतेची तपासणी बंधनकारक आहे. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. या सोसायटीकडे एकच अहवाल होता, तोही मुदत उलटून गेलेला. वर्ग सी-२बी, म्हणजे इमारत रिकामी न करता दुरुस्ती. सी-२अ असता तर दुरुस्तीसाठी घर खाली करावं लागलं असतं. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, तिथं बोलणीच संपवायची. सी-३ मध्ये किरकोळ कामं निघतात.

अहवालाच्या मागच्या पानांवर चाचण्या असतात, त्या वाचाव्यात. काँक्रीटच्या ताज्या तुटीवर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग दाखवणारं द्रावण मारलं की निरोगी भाग गुलाबी होतो. रंग न आलेला भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं आपला क्षार गमावून बसलेला असतो आणि तिथं सळईला गंजापासून संरक्षण उरत नाही. इथं गच्चीच्या स्लॅबमध्ये ही रंगहीन खोली सळईपर्यंत पोचली होती, तळमजल्याच्या खांबांमध्ये अजून पोचली नव्हती. सौद्याच्या बाजूनं हीच सगळ्यात चांगली बातमी होती. स्लॅब दुरुस्त होतो, खांबांचं काम मात्र महागही असतं आणि बेभरवशाचंही.

दुसरा प्रश्न पैशाचा. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव शिल्लक) बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के, दोन्ही दरसाल. बांधकाम खर्च मात्र १९८६ चा, इथं १२ लाख ८० हजार. सर्वसाधारण सभेनं दर कधीच वाढवला नाही, त्यामुळे दोन्ही मिळून वर्षाला १२,८०० रुपये जमत होते. गच्चीच्या कामाचा अंदाज ३ लाख ६० हजार. या गतीनं पैसे जमायला अठ्ठावीस वर्षं लागली असती. म्हणजे गच्ची करायची तर विशेष वर्गणी, सोळा घरांत वाटून प्रत्येकी २२,५००. सोसायटीनं हा ठराव केल्याशिवाय करारावर सही करायची नाही, असं जोडप्यानं ठरवलं. मागितलेले ७८ लाख रुपये उतरून ७१ लाख ५० हजारांवर आले ते याच कागदांच्या जोरावर. नुसत्या "घर फार जुनं आहे हो" या घासाघिशीनं एवढं सुटत नाही.

छताचा खर्च कोणाचा, यावर सोसायट्यांत हमखास भांडण होतं. आदर्श उपविधी याबाबत स्पष्ट आहेत. गच्ची, कठडा, बाहेरच्या सामाईक पाइपलाइन आणि पावसाच्या गळतीनं खराब झालेलं शेवटच्या मजल्याच्या छताचं प्लास्टर, हे सोसायटीनं स्वतःच्या खर्चानं करायचं असतं. घराच्या आतली गळती, विशेषतः न्हाणीघर आणि संडासाची, सभासदाची. इथं सोसायटीनं गच्ची अंगावर घेतली आणि आतल्या छताला हात वर केले. ते ६३,००० रुपये खरेदीदारांनी भरले आणि बिलासह मागणीचं पत्र देऊन पोच घेतली. पैसे मिळतील की नाही ही वेगळी गोष्ट, पत्र मात्र द्यायचंच.

वारस, मुद्रांक, जमीन

शेअर सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव, नॉमिनी म्हणून मुलाचं. नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते, मालकी मात्र सगळ्या वारसांची. त्यामुळे नाशिकच्या मुलीचं हक्कसोडपत्र किंवा विक्री करारावर त्यांची सही, दोन्हीपैकी एक हवंच. इथं दोघंही विक्रेते म्हणून सामील झाले आणि पैसे दोन चेकनं गेले. वकिलानं मराठी आणि इंग्रजी अशा दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिली, तीस वर्षांचा शोध घेतला, सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला व्यवहारांचा उतारा) काढली.

मूळ करार बिल्डरबरोबरचा, १९८६ चा. ताब्यासहच्या विक्री करारांवर खरेदीखताप्रमाणे मुद्रांक लागू झाला १० डिसेंबर १९८५ पासून. त्याआधीचा करार पाच रुपयांच्या कागदावर असला तरी चालतो. नंतरचा तसा असेल तर राहिलेलं शुल्क आणि त्यावर दरमहा २ टक्के दंड कुणीतरी भरायला लागतो, आणि बँक तो भरल्याशिवाय कर्ज देत नाही. सुदैवानं इथं शुल्क भरलेलं होतं.

ठाणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, फक्त महिलेच्या नावावर घेतल्यास ६. पतीचं नाव मालक म्हणून जोडलं की सवलत गेली. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर झालं, पती कर्जात सहअर्जदार राहिला. यात ७१,५०० वाचले. पण घराला पैसा पतीचा लागला असेल तर प्राप्तिकरात भाडं त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं, हे लक्षात ठेवूनच ही वाट धरावी. किंमत ५० लाखांच्या वर असल्यानं १ टक्का टीडीएस खरेदीदारानं कापायचा. विक्रेते दोन, म्हणून टीडीएसचे फॉर्म दोन, प्रत्येकाच्या पॅनवर ३५,७५०. (वारसांपैकी कुणी अनिवासी भारतीय असेल तर हा १ टक्क्याचा नियम चालत नाही. कापायची रक्कम खूप मोठी होते, तिथं आधी सीए गाठावा.)

जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, झालेलं नव्हतं. मालमत्ता पत्रकावर अजून मूळ जमीनमालकाचं नाव. मोफा या फ्लॅट मालकीविषयक कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो, पण सोसायटीत त्याची नुसती चर्चाच चालू होती. राहण्यासाठी घेणाऱ्याला ही उणीव खुपते. भाड्यासाठी घेणाऱ्यानं तिचा अर्थ वेगळा लावायचा: पुनर्विकास लगेच होत नाही, म्हणजे दुरुस्तीवरचा खर्च वसूल करायला काही वर्षं हातात आहेत.

खर्चाची बेरीज अशी: किंमत ७१.५० लाख, मुद्रांक ४.२९ लाख, नोंदणी ३०,००० (१ टक्का, पण कमाल तेवढीच), दलाली ७१,५००, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क २५,०००, वकील आणि नोटीस २५,०००. ताबा हातात येईपर्यंत ७७ लाख ३० हजार. सोसायटीनं हस्तांतरणासाठी महापालिका क्षेत्रात २५,००० पेक्षा जास्त मागता कामा नये. "स्वेच्छा देणगी" या नावाखाली जास्त मागितलं जातं, तेव्हा पावतीवर तेच शब्द लिहून मागावेत.

गच्ची आधी, छत नंतर

करार ऑक्टोबरात झाला. गच्ची डिसेंबरात, आतलं छत जानेवारीत, बाकी घर मार्चअखेर. उलट क्रम लावला असता तर नव्या प्लास्टरला वरून पुन्हा ओल आली असती.

सोसायटीच्या ठेकेदाराचा पहिला प्रस्ताव जुन्या कोब्यावरच चार इंची नवा विटांचा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) घालायचा होता. गच्ची २,३०० चौरस फूट, म्हणजे सुमारे २१४ चौरस मीटर. चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला १९० किलोच्या आसपास. आधीच गंजलेल्या स्लॅबवर जवळजवळ ४० टन जादा. ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरनं ते थांबवलं. जुना कोबा काढून नवा करणं उत्तम, पण पैसे नव्हते. मग मधला मार्ग निघाला: चिरा व्ही आकारात उघडून पॉलिमर मॉर्टरनं भरणं, कठड्याच्या मुळाशी वाटा (कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) नव्यानं करणं, कठड्याचं आतलं प्लास्टर, पावसाच्या पाइपांची तोंडं मोकळी करून जाळी, आणि फायबर जाळीसह लवचिक कोटिंगचे थर. याचं आयुष्य कोब्याच्या मानानं कमी, काही वर्षांनी पुन्हा हात मारावा लागतो. पश्चिमेच्या भिंतीची ओल कठड्यातून येत होती, तिला नुसत्या कोटिंगनं काही फरक पडला नसता. गच्चीवर पत्र्याची शेड टाकणं हा सोसायट्यांचा आवडता तोडगा, पण कठड्यात मुरणारं पाणी पत्रा थांबवत नाही, आणि महापालिकेच्या परवानगीशिवाय टाकलेला पत्रा पुढे नोटीस आणतो.

आत पीओपी उतरवल्यावर साधारण १४० चौरस फूट काँक्रीट सुटलेलं निघालं. पद्धत ठरलेली आहे आणि आळस केला की दोन वर्षांत सगळं पुन्हा खाली येतं. आधी टेकू. सुटलेलं काँक्रीट छिन्नी-हातोडीनं काढायचं, ब्रेकर लावायचा नाही. सळईच्या मागेही बोट जाईल इतकी जागा करायची आणि गंज संपून स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत लांबीत पुढे जायचं. तारेच्या ब्रशनं घासून व्यास कॅलिपरनं मोजायचा. ८ मिलिमीटरची सळई चतुर्थांशाहून जास्त झिजली असेल तर शेजारी नवी बांधायची, दोन्हीकडे किमान ४०० मिलिमीटर चढाव ठेवून. मग गंजरोधक लेप, चिकटीचा थर, आणि तो ओलसर असतानाच पॉलिमर मॉर्टर: सिमेंटला तिप्पट वाळू आणि सिमेंटच्या वजनाच्या वीस टक्के एसबीआर लॅटेक्स (चिकटपणा आणणारं रबरी द्रव). एका थराला १०-१२ मिलिमीटरच. घाईत जाड थर मारला की तो स्वतःच्या वजनानं सुटतो. सात दिवस ओलं ठेवायचं, छताला म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा फवारा. मिस्त्री जिप्समनं पॅच मारून "एकदम गुळगुळीत करून देतो" म्हणतात. जिप्सम ओल पितं आणि सळईला काडीचंही संरक्षण देत नाही.

दुरुस्त छताखाली पुन्हा फॉल्स सीलिंग करायचं नाही. शेवटच्या मजल्यावर छत उघडं असलेलंच बरं, पहिला डाग पहिल्याच पावसात दिसतो.

न्हाणीघर

सगळ्यात जास्त पैसा इथं गेला, १ लाख ४५ हजार, आणि तो जायलाच हवा होता. न्हाणीघर आणि संडास मिळून ३६ चौरस फूट, खाली दहा इंच खोल सन्क. त्यात चाळीस वर्षांचा ओला विटांचा भर, दीड टनाहून अधिक. तिसऱ्या मजल्यावरून राबिट (तोडफोडीचा मलबा) गोण्यांनी उतरवावं लागतं. पस्तीस किलोची गोणी धरली तर पंचेचाळीसेक फेऱ्या, आणि मजुरी मजल्यावर मोजतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीत हा आकडा अंदाजपत्रकात हमखास निसटतो.

तोडायच्या आधी खालच्या आजींच्या मोरीच्या छताचे तारखेसह फोटो काढले, त्यांना दाखवले. नंतरचे निम्मे वाद इथंच मिटतात.

सन्क रिकामा झाल्यावर कारण दिसलं: नहाणी ट्रॅप आणि बीडाच्या पाइपाचा जोड सिमेंटनं भरलेला होता आणि तो तडकला होता. सिमेंट ताठ, बीड आणि स्लॅब थोडे हलतात, जोड तुटणारच. नवा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा प्लास्टिकचा) पाइप बाहेरच्या जुन्या बीडाला रबरी अडॅप्टरनं जोडला. स्लॅब साफ करून दुरुस्त, कोपऱ्यांत वाटा, पॉलिमर-सिमेंट लेपाचे दोन हात एकमेकांना आडवे, भिंतीवर सन्कच्या वरही फूटभर चढवून. मग पाणी भरून ४८ तास, खालच्या मजल्यावर जाऊन बघायचं. त्यानंतर पाइप, आणि भरायला विटांऐवजी एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकचे तुकडे. तेवढ्याच जागेत वजन साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आलं. एएसी पाणी शोषतं, म्हणून वर कोबा करून दुसरं वॉटरप्रूफिंग आणि पुन्हा ४८ तासांची पाण्याची चाचणी. सन्कच्या तळातून एक बारीक पाइप बाहेरच्या भिंतीतून काढून ठेवला. उद्या वर काही गळलं तर पाणी आजींच्या छताऐवजी बाहेर दिसेल. फरशीला उतार मीटरला १० ते १२ मिलिमीटर, दाराकडून ट्रॅपकडे. उंबरठ्याच्या दगडाखालीही लेप जायला हवा. ओल बेडरूममध्ये शिरते ती बहुधा तिथूनच.

पाण्याचा दाब ही शेवटच्या मजल्याची कायमची अडचण. टाकीतलं पाणी गच्चीच्या स्लॅबपासून अडीच मीटर वर, शॉवर स्लॅबच्या खाली पाऊण मीटर. एकूण सव्वातीन मीटर, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश बार. एवढ्या दाबावर मोठा रेन शॉवर ठिबकतो आणि काही इन्स्टंट गीझर चालूच होत नाहीत. म्हणून साठवणीचा १५ लिटरचा गीझर, साधा हँड शॉवर, आणि टाकीपासून न्हाणीघरापर्यंत एक इंची सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप), शेवटच्या टप्प्यातच अर्धा इंच. घरापुरता बूस्टर पंप बसवायचा विचार सोडला. त्याची धडधड रात्री शेजाऱ्यांना ऐकू जाते आणि सोसायटीची परवानगी लागते ती वेगळीच.

वायरिंग, फरशी आणि बाकीचं

जुनी वायर ॲल्युमिनियमची, अर्थिंग नावालाही नाही. संपूर्ण नवं: दिवे-पंख्यांना १.५, सॉकेटना २.५, एसी आणि गीझरला ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, प्रत्येकाचा वेगळा एमसीबी, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच). मंजूर भार वाढवण्याचा अर्ज महावितरणकडे काम सुरू होतानाच द्यावा. भाडेकरू एसी आणणारच. मीटर रूमपासून घरापर्यंतची जुनी वायर बदलली नाही तर आतलं नवं वायरिंग असूनही जिन्यात जळका वास येतो. इमारतीचा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला होता. तो पुन्हा करणं सोसायटीचं काम, पण त्याशिवाय आरसीसीबीचा अर्धा उपयोग.

फरशीबाबत मोह असतो जुन्या मोझेकवर दोन इंच मसाला घालून नवी बसवायचा. ३५ चौरस मीटरला त्याचं वजन पावणेचार टनांच्या घरात जातं. इथं मोझेक घट्ट होती, टिचकी मारल्यावर पोकळ वाजली नाही, म्हणून तिच्यावरच ॲडेसिव्हनं ९ मिलिमीटरच्या टाइल्स चिकटवल्या. हॉल, बेडरूम आणि स्वयंपाकघर मिळून पाऊण टनापेक्षा थोडं जास्त वजन. दारं खालून पंधरा मिलिमीटर तासावी लागली, एवढंच.

खिडक्यांना तीन ट्रॅकचं ॲल्युमिनियम, मच्छरजाळीसह. चौकटीखालचा ग्रॅनाइट बाहेरच्या बाजूला उताराचा आणि त्याच्या तळाला पाणी तोडणारी खाच. स्वयंपाकघरात कडप्प्याच्या जुन्या फळ्या ठेवल्या, ओटा नवा, स्टीलच्या ट्रॉल्या तीनच. भिंतीतलं कपाट केलं नाही. प्लास्टर, टाइल्स, रंग अशा कामाला महापालिकेची परवानगी लागत नाही, भिंत हलवायची किंवा बाल्कनी आत घ्यायची असेल तर लागते. इथं एकही भिंत हलवली नाही. सोसायटीचं पत्र आणि राबिटची अनामत मात्र आधी.

दुरुस्तीचा खर्च:

तोडफोड आणि राबिट : ३८,०००
छत, तुळई, छज्जा : ६३,०००
न्हाणीघर, संडास, नळकाम : १,४५,०००
वायरिंग : ७८,०००
खिडक्या, ग्रिल : ६२,०००
अनपेक्षित : २०,०००
ओटा, ट्रॉल्या : ८५,०००
फरशी : ४८,०००
पुट्टी, रंग : ६८,०००
दारं : ४६,०००
गीझर, पंखे, दिवे, एक्झॉस्ट : ३२,०००

एकूण ६ लाख ८५ हजार. पहिल्या सहा ओळी, ४ लाख ६ हजार, टाळता न येणाऱ्या. खालच्या पाच, २ लाख ७९ हजार, भाडं वाढवण्यासाठी.

भाडं पुरतं का?

सुरक्षित पण साधं घर त्या गल्लीत महिना २१,००० ला गेलं असतं, नीटनेटकं २७,००० ला गेलं. फरक ६,००० चा. २ लाख ७९ हजार त्यातून सुटायला साडेसेहेचाळीस महिने लागतात. इमारतीत चार वर्षांत पुनर्विकासाची शक्यता कमी, म्हणून हा खर्च जेमतेम बसतो. अभिहस्तांतरण झालेलं, विकासक नेमलेला असता तर फरशी आणि ट्रॉल्यांना हातही लावायला नको होता. पुनर्विकासाच्या निर्णयाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के संमती लागते, तेव्हा खरेदीआधी सोसायटीच्या शेवटच्या दोन-तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं वाचली की वारं कुठं वाहतंय ते कळतं.

पूर्ण गुंतवणूक, गच्चीची वर्गणी धरून, ८४ लाख ३८ हजार. वर्षाचं भाडं ३ लाख २४ हजार, म्हणजे ३.८४ टक्के. त्यातून सोसायटीचं मासिक देणं २६,४००, बिनभोगवटा शुल्क १,५०० (घर भाड्यानं दिल्यावर सोसायटी लावते ते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही), मालमत्ता कर ६,०००, घर रिकामं राहण्याचे आणि एजंटचे मिळून २७,०००, किरकोळ दुरुस्ती २०,०००. हातात राहतात २ लाख ४३ हजार, २.८८ टक्के. बँकेतल्या ठेवीवर यापेक्षा जास्त मिळतं. कर्ज ४० लाखांचं, साडेआठ टक्के धरले तर पहिल्या वर्षाचं व्याजच ३ लाख ३७ हजारांच्या आसपास, भाड्यापेक्षा जास्त. प्राप्तिकरात भाड्यातून मालमत्ता कर वजा करून उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, खरा दुरुस्ती खर्च वेगळा दाखवता येत नाही. नव्या करप्रणालीत व्याज भाड्याच्या मर्यादेतच वजा होतं, उरलेला तोटा पगारातून वळता होत नाही.

म्हणजे ठाण्यात भाड्याच्या जोरावर हा व्यवहार उभा राहत नाही. कमी किमतीत मिळालेली जागा आणि कधीतरी होणारा पुनर्विकास, हीच खरी बाजू. दुरुस्तीमुळे तोवरचा काळ रिकाम्या हातानं जात नाही, इतकंच. हप्ता पगारातून झेपत नसेल त्यानं या वाटेला जाऊ नये.

करार

अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हा समज ठाण्यात अजून टिकून आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. अकरा महिने, २७,००० भाडं, एक लाख अनामत, यावर ०.२५ टक्के मुद्रांक साधारण ८०० रुपये, नोंदणी १,०००, ऑनलाइन हाताळणी ३००. एवढ्यासाठी नोटरीच्या कागदावर भागवण्यात अर्थ नाही. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं त्याच दिवशी उरकावं.

या घरासाठी तीन कलमं जादा घातली. ऑडिट किंवा सोसायटीच्या दुरुस्तीसाठी इंजिनिअरला आत येऊ देणं. पालिकेची नोटीस किंवा पुनर्विकास आला तर एका महिन्याच्या सूचनेवर घर सोडणं आणि अनामत पूर्ण परत. आणि छताला ओल दिसली तर त्याच आठवड्यात फोटोसह कळवणं. तिसरं कलम घालताना भाडेकरूनं विचारलं, "काका, म्हणजे गळतं का?" गच्चीच्या कामाची पावती त्याला दाखवली, तेव्हा सही झाली.

दुरुस्तीची सगळी बिलं पत्नीच्या नावावर, पैसे बँकेतून. पुढे विक्री झाली तर सुधारणेचा खर्च मूळ किमतीत मिळवता येतो, २३ जुलै २०२४ नंतरच्या दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर इंडेक्सेशनशिवाय (महागाईनुसार मूळ किंमत न वाढवता) लागत असल्यानं प्रत्येक बिलाला किंमत आली आहे. त्याच फायलीत उघड्या सळयांचे फोटो, मोजलेले व्यास आणि वापरलेल्या मॉर्टरची नावं ठेवली. पुढच्या ऑडिटला इंजिनिअर पहिल्यांदा तेच मागेल.